क्रेनसमोरचा हात

हातखंब्याच्या तिठ्यावर उभं राहून "दर्शना कळंबटे कुठे भेटतील?" असं विचारलंत, तर चारातले तीन जण तुम्हांलाच उलट विचारतील, "कोण दर्शना?" मग म्हणायचं, "क्रेनवाली." की लगेच पानवालासुद्धा टपरीतून मान बाहेर काढून रस्ता दाखवील, आणि वर फुकटात माहितीही देईल की क्रेन तशी तिच्या नवऱ्याची आहे, ती आपली बघते. ही माहिती साफ खोटी. नवरा, गुरुप्रसाद, मुंबईत लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहे. गणपतीला आणि शिमग्याला घरी येतो, आणि क्रेनकडे लांबूनच बघतो, कारण जवळ गेला की बायको ग्रीसचा डबा हातात देते हे त्याला अनुभवाने माहीत आहे. पण लोकांचं एक असतं बघा. चौदा टन उचलणारं यंत्र एका बाईचं आहे यापेक्षा ते मुंबईत बसलेल्या माणसाचं आहे, हे त्यांच्या पचनी लवकर पडतं.

दर्शना मूळची आतल्या गावातली, शेतकऱ्याघरची. याच तिठ्यावर तिने नऊ वर्षं चहा-वड्याची टपरी चालवली. टपरीच्या समोरच घाटावरच्या एका माणसाची क्रेन उभी असायची. वळणावर ट्रक कलंडला की क्रेन निघायची आणि दर्शना हातातली किटली तशीच धरून बघत राहायची. हुक कुठे लावला, पट्टा कुठून घेतला, ओझं कुठल्या अंगाला झुकतंय. नऊ वर्षं बघितल्यावर माणसाला कळायला लागतंच की. एकदा ती चहा देता देता म्हणाली, "तो पट्टा पत्र्याच्या धारेवर घासतोय, तुटेल." सगळे हसले. पट्टा तुटला. दुसऱ्या दिवसापासून क्रेनचा मालक चहा प्यायला स्वतः यायला लागला, आणि पुढे त्याने धंदा आवरून परत जायचं ठरवलं तेव्हा मशीन घेण्याबद्दल पहिल्यांदा दर्शनालाच विचारलं. तिने टपरी विकली, अंगावरचं मोडलं आणि क्रेन घेतली. सासरी तीन दिवस कुणी तिच्याशी बोललं नाही. चौथ्या दिवशी सासऱ्यांनी विचारलं, "आपल्या विहिरीतला पंप वर काढून देशील काय?" तो विषय तिथे मिटला.

विहिरीसोबत रहाट यावा तसा क्रेनसोबत ऑपरेटर आला. भागोजी. साठीला टेकलेला, बोलायला कमी, आणि हात असा सराईत की हुकाला अंडं बांधलंत तरी न फोडता खाली ठेवील. पट्टे बांधायला केरू आला. पंचेचाळिशीचा, काटक, आणि दर्शनावर त्याचा भारी विश्वास. का, तर ती ओझ्याच्या जवळ कधीही त्याला एकटं पाठवून स्वतः सावलीत उभी राहत नाही.

आता क्रेनच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. ऑपरेटर वर केबिनमध्ये बसतो. समोर ओझं लटकत असतं, आणि ओझ्यापलीकडे काय आहे ते त्याला दिसत नाही. म्हणून खाली एक माणूस उभा राहतो आणि हाताने खुणा करतो. अंगठा वर, अंगठा खाली, पंजा पुढे, आणि मूठ आवळली की थांब. ऑपरेटरने त्या एकाच हाताकडे बघायचं. दोन हात झाले की घात झाला. हे दर्शना लोट्याच्या एका केमिकल कंपनीत तीन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये रीतसर शिकली. वर्गात सत्तावीस माणसं, त्यातली बाई एक. शिकवणाऱ्या साहेबांनी पहिल्या दिवशी तिला विचारलं, "ऑफिसमधून आलात का तुम्ही? हजेरी घ्यायला?" तिसऱ्या दिवशी तेच साहेब इतरांना म्हणत होते, "ह्यांचा हात बघा. संशयाला जागा नाही."

तर कळंबट्यांच्या क्रेनवर तो एक हात दर्शनाचा. भागोजीने तसं कबूलही केलं होतं. पण कबूल करणं वेगळं आणि डोळ्याला वळण लावणं वेगळं. कामाच्या जागी गेलं की तिथे चार पुरुष असतातच, आणि पुरुष क्रेनजवळ उभा राहिला आणि त्याने हात केले नाहीत असं आजवर झालेलं नाही. सरपंच हात करतो, इंजिनियर हात करतो, ज्याचा काही संबंध नाही असा सायकलवाला थांबून हात करतो. आणि भागोजीची नजर तिकडे वळायची. क्षणभरच, पण वळायची. दर्शनाला ते दिसायचं. चारदा सांगून झालं होतं. तिला पक्कं ठाऊक होतं, की ज्या दिवशी भागोजी दुसऱ्याच्या हातावर क्रेन हलवील, त्या दिवशी कागदावर नाव कुणाचंही असो, क्रेन तिची राहणार नाही. आणि त्या दिवशी खाली केरू उभा असेल.

तो दिवस मे महिन्याच्या मध्यावर आला.

पावसच्या वाटेवर श्यामकाका आगाशे यांची हापूसची बाग. घराच्या मागल्या बाजूला त्यांनी आमरसाचा कारखाना घातला होता, छोटासाच. शेड झाली, मशिनं आली, आणि सगळ्यांत शेवटी वाफेचा बॉयलर आला, तीन टनांचा. तो अंगणात उतरवून घेतलेला, आणि बसवायचा होता शेडच्या कडेला, सिमेंटच्या चौथऱ्यावरच्या चार बोल्टांवर. आढीतला आंबा पिकत होता. आंबा काही कुणासाठी थांबत नाही. दोन क्रेनवाल्यांनी जागा बघून काम नाकारलं होतं, कारण चौथरा आणि शेडची चिऱ्याची भिंत यांच्यात माणूस जेमतेम उभा राहील एवढीच फट. दर्शनाने टेप लावून मोजलं, जमिनीवर टाच आपटून बघितली आणि म्हणाली, "होईल."

"तुमचे मिस्टर कधी येतील?" श्यामकाकांनी विचारलं.

"गणपतीला," दर्शना म्हणाली. "बॉयलर मी उद्या सकाळी बसवते."

श्यामकाका वाईट माणूस नव्हे हो. स्वभावाने उमदा, बोलायला गोड, गड्यांना जेवायला घालणारा. पण आयुष्यभर बागेत शंभर माणसं त्यांच्या हाताच्या इशाऱ्यावर हललेली. उत्साह तर असा, की सकाळी क्रेन फाटकातून आत येतानाच ते पुढे होऊन "ये, ये, ये" करत होते, आंब्याचा टेम्पो मागे घेतात तसं. दर्शनाने क्रेन थांबवली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "काका, इथून पुढे हात एकच. माझा."

"हो हो, अगदी," श्यामकाका म्हणाले आणि दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले.

बॉयलर सुरेख उचलला गेला. केरूने त्याला बांधलेली दोरी धरली, म्हणजे तो गरागरा फिरू नये, आणि भिंतीलगतच्या फटीत शिरला. दर्शनाने मूठ आवळली. थांब. केरू नीट उभा राहीपर्यंत काही हलवायचं नव्हतं. आणि बांधलेले हात श्यामकाकांना किती वेळ बांधून ठेवता येणार? त्यांना त्यांच्या बाजूने चौथरा अगदी समोर दिसत होता, मोकळा. त्यांचा हात सुटला. "चल, ये ये, पुढे पुढे!"

आणि क्रेन पुढे आली. वीतभरच. पण लटकत्या तीन टनांना वीतभर म्हणजे खूप झालं. बॉयलर झोका घेऊन भिंतीवर गेला. केरूने दोरी सोडली नाही, दोरीच त्याच्या हातातून सटकत गेली, आणि तो कसा कोण जाणे, चौथऱ्यावर चढून पलीकडे पडला. त्याच्या पायातला एक बूट बॉयलर आणि चिऱ्यांच्या मध्ये चेंगरून राहिला.

दर्शनाची मूठ तशीच वर होती. भागोजी आता तिच्याकडे बघत होता, पांढरा फटक पडून. तिने पंजा मागे हलवला, मग अंगठा खाली केला, बॉयलर सावकाश अंगणात परत ठेववला, मशीन बंद करायला सांगितलं, आणि मग ती केरूकडे धावली. केरूच्या उजव्या तळव्याचं साल दोरीने सोलून काढलं होतं. बाकी तो धड होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही.

"लागलं नाही ना फार?" श्यामकाका म्हणाले. "थोडक्यात निभावलं. चला, आता जरा बेताने घेऊ. तरी मी म्हणत होतो, एखादा पुरुषमाणूस सोबत असता तर."

"होता की," दर्शना म्हणाली. "त्याच्यामुळेच झालं हे."

श्यामकाकांनी हात पुन्हा मागे बांधले. कारण ती ओरडली नव्हती, आणि खोटंही बोलली नव्हती.

तेवढ्यात मागल्या दारातून उल्काकाकू, श्यामकाकांच्या पत्नी, पाणी आणि स्वच्छ फडकं घेऊन आल्या. केरूला पायरीवर बसवून त्यांनी त्याचा तळवा धुतला, मलम लावलं आणि पट्टी बांधली. "ही दोरी आता या हाताने धरायची नाही," असं त्याला तीनदा बजावलं. मग दर्शनाला म्हणाल्या, "तुमचं बरं आहे. तुमचा धंदा तुम्ही बघता. हा कारखाना माझ्या नावावर आहे, ठाऊक आहे का? बायकांसाठी योजना होती, सबसिडी मिळते. सही करायला मला रत्नागिरीला नेलं होतं."

"आणि रस कोण करतं?"

"तो मीच. वीस वर्षं करते आहे, चुलीवर, डबे भरून. बॉयलर कुठला घ्यायचा ते मात्र मला कुणी विचारलं नाही." एवढं बोलून त्या पातेलं उचलून आत गेल्या, आणि लगेच परत येऊन दारात उभ्या राहिल्या.

दर्शना क्रेनपाशी गेली. भागोजी चाकाला टेकून बसला होता.

"काय झालं, दादा?"

"काय सांगू वैनी." त्याने मान वर केली नाही. "हात तुमचा बगायचा, हे डोक्याला समजतं. डोळा ऐकत नाय. चाळीस वर्सं बाप्याच्या हातावर मशीन चालवली. बाप्याचा हात हलला की माजा पाय आपसूक सुटतो. आज केरूला मारला असता मी." मग तो उठला, खांद्यावरचा पंचा काढला आणि केबिनच्या बाजूच्या खिडकीवर नीट ताणून बांधला. दुसऱ्या बाजूला दाराच्या फटीत आपला सदराच कोंबला. "आता फकस्त समोरचं दिसंल. समोर तुमी. दुसरा हात दिसणारच नाय, तर भुलनार कसा?"

खरं सांगायचं तर दर्शनाला क्षणभर ते पटलं. किती सोपं होतं! सगळ्या जगाचे हात एका पंच्याआड. पण तिने पायरीवर चढून पंचा सोडला आणि सदराही ओढून काढून त्याच्या हातात दिला.

"नको, दादा. तुम्हांला सगळं दिसलं पाहिजे. मलाही सगळं दिसत नाही. माझ्या मागून कुणी आलं, केरूभाऊ पलीकडे पडले, तर तुम्हांला कोण सांगणार? लोट्याला शिकवलेलं तुम्हांला पुरतं सांगितलंच नाही मी, माझी चूक. हलवायचं ते फक्त माझ्या हातावर. पण थांबवायला कुणाचाही हात चालतो. गड्याचा, पोराचा, कुणाचाही. मूठ दिसली की थांबायचं, मग बघायचं का ते." ती पायरीवरून खाली उतरली. "मला डोळे बांधलेला माणूस नकोय. चार हात दिसत असताना माझं ऐकणारा हवाय. ते जमणार नसेल तर आताच सांगा. मी क्रेन विकीन, पण केरूभाऊंच्या बायकोसमोर मला उभं राहता यायचं नाही."

भागोजीने सदरा अंगात घातला, सगळ्या गुंड्या लावल्या. "बसतो," एवढंच म्हणाला.

मग दर्शनाने अंगणाच्या मधोमध उभं राहून तीच गोष्ट सगळ्यांना सांगितली. श्यामकाकांना, बागेतल्या आठ-दहा गड्यांना. मूठ कशी आवळायची तेही करून दाखवलं. गड्यांनी गंमत म्हणून मुठी वर केल्या. दारातून उल्काकाकू बघत होत्या.

बॉयलर दुसऱ्यांदा उचलला. या वेळी केरू फटीत न जाता चौथऱ्याच्या पलीकडे मोकळ्यावर उभा राहिला, दर्शना अलीकडे. पंजा पुढे, पुढे, हळू. श्यामकाकांचा हात एकदा उठलाच. सवयच ती, काय करणार. "इकडे घे थोडा," असं करून गेला. भागोजीने ते बघितलं. दर्शनाने त्याला बघताना बघितलं. पण क्रेन तसूभर हलली नाही. भागोजीची नजर परत तिच्या पंजावर आली आणि तिथेच राहिली. तिचा जीव भांड्यात पडला. आता बोल्ट दोन हातांवर होते. तिने पंजा पुढे केला.

क्रेन थांबली.

दर्शनाने पुन्हा पंजा हलवला. पुढे. भागोजी ढिम्म. तो तिच्याकडे बघतच नव्हता, तिच्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होता. तिचं डोकं सणकलं. आताच सांगितलं होतं ना? पाच मिनिटंही नाही झाली. वाटलं, संपलं सगळं. हा माणूस बदलायचा नाही आणि आपली क्रेन कधी आपली व्हायची नाही. तिने चिडून वळून बघितलं, कोणता बाप्या हात करतोय ते.

मागल्या दारात उल्काकाकू उभ्या होत्या. मूठ वर, घट्ट आवळलेली. दुसऱ्या हाताचं बोट केरूकडे.

दर्शना बॉयलरला वळसा घालून धावली. केरूला सोललेल्या तळव्याने दोरी धरवत नव्हती, म्हणून त्याने ती मनगटाला गुंडाळून घेतली होती. तीन पक्के वेढे. ओझं बोल्टांवर उतरताना जरा जरी फिरलं असतं, तर मनगट दोरीबरोबर गेलं असतं. तिच्या बाजूने ते दिसणं शक्यच नव्हतं. भागोजीच्याही नाही. दिसत होतं फक्त मागल्या दारातून, आणि ज्या बाईने ती पट्टी बांधली होती तिलाच त्या हाताकडे बघायचं सुचलं होतं.

"केरूभाऊ, काय हे?"

"कामाचा खोळंबा नको म्हनून," केरू ओशाळून म्हणाला.

तिने स्वतः वेढे सोडवले आणि दोरी एका धडधाकट गड्याच्या हातात दिली. केरूला सावलीत बसवलं, तो कुरकुरला तरी. मग जागेवर येऊन तिने केबिनकडे बघितलं. भागोजी वाट बघत होता, तिच्या हाताची. ती त्याच्याकडे बघून हसली. तिने पंजा पुढे केला, मग अंगठा खाली. बॉयलर चार बोल्टांवर असा बसला, की जणू तिथेच वाढलेला.

गड्यांनी टाळ्या वाजवल्या. श्यामकाकांनीही वाजवल्या, आणि मनापासून. मग लगेच त्यांच्या अंगात उत्साह संचारला. वाफेची नळी जोडायला माणसं आलीच होती. श्यामकाका पुढे झाले आणि दोन्ही हात पसरून सांगायला लागले, नळी अशी भिंतीवरून घ्या, इथे वळवा, रसाची कढई इथे येईल.

उल्काकाकू पायऱ्या उतरून अंगणात आल्या होत्या. आपल्या उजव्या हाताकडे बघत त्या दर्शनाला हळूच म्हणाल्या, "मी नुसता हात वर केला. आणि एवढं मोठं धूड थांबलं हो. एकतीस वर्षं झाली मला या घरात. माझ्या सांगण्यावरून या अंगणात आजवर काही थांबलेलं नाही."

"तुम्ही बरोबर होता, म्हणून थांबलं," दर्शना म्हणाली.

"बरोबर मी आधीही असायचे."

दर्शनाने पट्टे गुंडाळायला घेतले. पलीकडे गड्यांनी नळी खांद्यावर घेतली, छिन्नीवाल्याने भिंतीवर खूण केली आणि हातोडा उचलला. उल्काकाकूंनी पदर खोचला, चार पावलं पुढे गेल्या आणि मूठ वर केली.

हातोडा थांबला. नळीवाले थांबले. सकाळपासून सगळ्यांना तेच शिकवलं होतं ना. श्यामकाकांचेही पसरलेले हात जिथल्या तिथे राहिले.

"कढई तिथे नाही," काकू म्हणाल्या. "तिथे ठेवलीत तर डबे भरणाऱ्या बायकांच्या तोंडावर वाफ येईल. खिडकीकडे घ्या. सांगते कशी ते."

गड्यांनी श्यामकाकांकडे बघितलं. श्यामकाकांनी दर्शनाकडे बघितलं, कशासाठी देव जाणे. दर्शना पट्टे गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही. मग श्यामकाकांनी हात खाली घेतले, घसा खाकरला आणि गड्यांना म्हणाले, "माझ्याकडे काय बघताय? त्या सांगताहेत ना."